टेनर सॅक्सचे खालचे सूर गुरगुरतात? आधी वर बघा

टेनर सॅक्सची एकच तक्रार माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते. हॉर्न, म्हणजे सॅक्सच, उत्तम असतो, बऱ्याचदा माझ्या स्वतःच्या हॉर्नपेक्षा कितीतरी महाग. सेल्मर, यानागिसावा, यामाहाची कस्टम मालिका, कायलवर्थ, यांपैकी काहीही. वाजवणाराही नवखा नसतो. तरी लो बी फ्लॅटवर, म्हणजे सर्वात खालच्या सुरावर, आला की अडखळतो, आणि वाद्य बेलपाशी, म्हणजे पुढच्या रुंद तोंडापाशी, धरून म्हणतो, "इथे काहीतरी झालंय."

तिथे बहुतेक वेळा काहीच झालेलं नसतं.

लक्षणं कशी ओळखायची

या बिघाडाचे चेहरे बरेच आहेत. सगळ्यात ठळक म्हणजे लो सी, बी आणि बी फ्लॅट हे सूर एकसंध लागत नाहीत, थरथरत, तुटत तुटत लागतात. दुसरं लक्षण म्हणजे हळू आवाजात हे सूर सुरूच होत नाहीत. त्यांच्याऐवजी वरच्या सप्तकातला तोच सूर उडी मारून बाहेर येतो. जोरात फुंकलं तर खालचा लागतो, पण मग सबटोनचं, म्हणजे मऊ, हवेशीर सुराचं, नाव काढायची सोय राहत नाही.

तिसरं लक्षण वादकाच्या लक्षातच येत नाही, कारण त्याच्या बोटांना त्याची सवय झालेली असते: कळा घट्ट आवळून धरल्या की सूर लागतो, हलक्या ठेवल्या की जातो. आपण जोर लावतोय हे कळायला एक सोपी युक्ती आहे. लो डी वाजवताना मुद्दाम बोटं सैल करत जा, फक्त कळा उघडणार नाहीत इतकीच ठेवा. सूर बदलला तर लीक आहे, म्हणजे कुठेतरी हवा गळते आहे. निरोगी हॉर्नला बोटांचं वजन पुरतं.

आणखी एक प्रकार: वाजवायला बसल्यावर सगळं ठीक, पण अर्ध्या तासाने बिघडतं. किंवा दुरुस्ती करून आणलेला हॉर्न काही महिने सरळ वागतो आणि मग पुन्हा तेच. या दोन्हींची कारणं वेगळी आहेत, पुढे येतीलच.

सगळा हॉर्नच बेसूर असेल किंवा फक्त सर्वात वरचे सूर किंचाळत असतील, तर हा लेख त्यासाठी नाही.

बिघाड वर का शोधायचा

सॅक्सची नळी शंकूच्या आकाराची आहे. आडॉल्फ साक्सने १८४६ साली पॅरिसमध्ये पेटंट घेतलं तेव्हापासून हे बदललेलं नाही. शंकूच्या नळीत वरच्या बाजूला एक बारीक भोक उघडलं की मूळ सूर कमजोर होतो आणि त्याच्या बरोबर एक सप्तक वरचा सूर पुढे येतो. ऑक्टेव्हची कळ नेमकं हेच करते. म्हणजे ऑक्टेव्हची कळ ही मुद्दाम केलेली गळती आहे.

आता वरच्या एखाद्या पॅडखाली, म्हणजे भोक झाकणाऱ्या चामड्याच्या गादीखाली, केसाएवढी फट राहिली असं समजा. नळीच्या दृष्टीने ती फट आणि ऑक्टेव्हचं भोक यांत तत्त्वतः फरक नाही, एवढंच की ही फट चुकीच्या जागी आहे आणि अर्धवट आहे. मग सूर धड खाली राहत नाही, धड वरही जात नाही. दोन्हींमध्ये ओढाताण होते, आणि तीच गुरगुर म्हणून ऐकू येते.

कुठलाही सूर वाजताना पहिल्या उघड्या भोकाच्या वरचं सगळं बंद असावं लागतं. बी वाजवताना वरची थोडीच पॅडं नीट बंद असली तरी चालतं. लो बी फ्लॅटला मात्र पूर्ण हॉर्न बंद हवा, म्हणजे सगळ्या पॅडांची परीक्षा एकदम होते. टेनरचा हा सूर प्रत्यक्षात पियानोवरचा ए फ्लॅट असतो, साधारण १०४ हर्ट्झ. एवढ्या खालच्या सुराला वरची जराशी गळतीही सोसत नाही. बागेच्या पाइपला नळाजवळ चीर गेली तर पाणी टोकाशी कमी येतं, तेव्हा आपण टोक बदलत बसत नाही.

म्हणून पहिल्या तपासणीच्याही आधी हे करा. मधल्या बी पासून एकेक सूर खाली या, सावकाश, हळू आवाजात: बी, बी फ्लॅट, ए, जी शार्प, जी, असं थेट लो बी फ्लॅटपर्यंत. जिथे सुराचा पोत पहिल्यांदा बिघडतो ती जागा लिहून ठेवा. गळती त्या जागी किंवा तिच्या वर असते, खाली नसते. नुसत्या या एका गोष्टीने अर्धं काम होतं.

आधी फुकटची कामं

हॉर्न उभा-आडवा करून बेलमधून पाणी काढा. खालच्या वळणात, ज्याला बो म्हणतात, तिथे लाळ आणि वाफेचं पाणी साचतं आणि लो बी खडखडतो. हसू येईल, पण "अर्ध्या तासाने बिघडतं" या तक्रारीचं हे पहिलं कारण आहे. हात आत जाईल तिथवर चाचपून पाहा, स्वॅबचा तुकडा, टोपी, पेन्सिलीचं टोक काहीही सापडू शकतं.

मग रीड, म्हणजे माउथपीसवर बसणारी पातळ पट्टी. रीड बदलून पाहणं हे सांगायला नको, तरी सांगतो, कारण लोक त्याच डब्यातली दुसरी रीड लावतात आणि ती पण वाकलेली असते. रीडचा सपाट भाग काचेवर ठेवा. ती डुगडुगत असेल तर वाकलेली आहे. दुसरी परीक्षा: माउथपीसवर रीड लावा, मागचं तोंड तळहाताने झाका, पुढून हवा ओढून घ्या आणि तोंड काढा. रीड क्षणभर चिकटून राहून टप्प असा आवाज यायला हवा. आला नाही तर रीड आणि माउथपीसचा सपाट भाग एकमेकांवर बसत नाहीयेत. चार चांगल्या रीडांवर आवाज येत नसेल तर माउथपीसच वाकडा झालेला असू शकतो.

मी एक सिंथेटिक रीड फक्त तपासणीसाठी बाळगतो. तिचा आवाज आवडतो म्हणून नाही. ती आज जशी आहे तशीच उद्या असते, त्यामुळे हॉर्न बदलला की आपण बदललो हे कळतं. वेताच्या रीडवर हा भरवसा ठेवता येत नाही.

ओठांची परीक्षाही इथेच उरकून घ्या. नेकवर, म्हणजे वरच्या वळलेल्या सुट्या नळीवर, माउथपीस लावून, बॉडीला न जोडता, नेहमीसारखं वाजवा. पियानोवरच्या मधल्या सी च्या वरचा ई, साधारण ३३० हर्ट्झ, यायला हवा. त्याहून बराच वर येत असेल तर तुम्ही चावताय. चावणाऱ्याचा लो बी फ्लॅट कुठल्याच हॉर्नवर लागत नाही, मग पॅडं कितीही नवी असोत.

नेक: दोन मिनिटांत होणारी आणि सगळ्यात जास्त चुकणारी तपासणी

माझ्याकडे येणाऱ्या हॉर्नांत दोषी म्हणून पहिला नंबर नेकवरच्या ऑक्टेव्हच्या कळेचा. याचं कारण त्या कळेत नाही, आपल्या हातात आहे. नेक बॉडीत बसवताना आपण तो वरून मुठीत धरतो, आणि मुठीत ऑक्टेव्हची कळ येते. रोज थोडं थोडं दाबून ती वाकते.

तपासायचं असं. हॉर्न जोडा. डाव्या हाताची तीन बोटं ठेवून जी ची बोटं धरा आणि अंगठ्याने ऑक्टेव्हची कळ वर-खाली करत राहा, नजर नेकच्या वाटीवर, म्हणजे पॅड बसवलेल्या झाकणावर. ती जरासुद्धा हलता कामा नये. जी ला फक्त बॉडीवरचं ऑक्टेव्हचं भोक उघडायचं असतं, नेकवरचं नाही. ए ला उलट: नेकवरचं उघडतं, बॉडीवरचं बंद. जी ला नेकची वाटी हलत असेल, तर बॉडीतून वर आलेली दांडी नेकच्या कड्याला आधीपासूनच ढकलते आहे. त्या दोघांमध्ये थोडी मोकळी जागा दिसायला हवी. कागदाची पट्टी सहज सरकेल इतकी.

दांडी ढकलत असेल तर लो सुरांत नेकचं पॅड किंचित उचललेलं राहतं आणि वर सांगितल्याप्रमाणे ते ऑक्टेव्हच्या कळेचंच काम अर्धवट करतं. हॉर्न पेटीत ठेवताना नेकचं कडं एका बाजूला सरकलं तरी हेच होतं. ते कडं हाताने वाकवून देणारे पुष्कळ भेटतील. स्वस्त हॉर्नवर मी पण देतो. पण चांगल्या नेकवर, विशेषतः चांदीच्या नेकवर, ही पकड चुकली तर कडं नाही तर नेकच वाकतो. शंका असेल तर दाखवून घ्या.

आता नेकचीच हवाबंद परीक्षा. नेक काढा, बॉडीत जाणारं मोठं तोंड तळहाताने पक्कं झाका, कॉर्कच्या बाजूने हवा ओढा. पोकळी काही सेकंद टिकायला हवी. लगेच सुटत असेल तर ऑक्टेव्हचं पॅड गळतंय, किंवा क्वचित डाखाचा सांधा. ऑक्टेव्हच्या भोकात साचलेला मळ पाइप क्लीनरने काढा, सुईने खरवडू नका.

शेवटी नेक बॉडीत कसा बसतो ते. स्क्रू आवळून नेक धरा आणि हलक्या हाताने हलवा. डुगडुग नको. सोपी खात्री अशी की नेकच्या खालच्या गोल भागाला कॉर्क ग्रीसचा अगदी पातळ थर लावा आणि वाजवून पाहा. लो बी फ्लॅट एकदम सुधारला तर गळती इथेच होती. मग ग्रीस पुसून टाका, कारण हा उपाय नाही, फक्त तपास आहे, आणि ग्रीसमध्ये धूळ बसून धातू झिजतो. खरा उपाय म्हणजे तो गोल भाग यंत्राने थोडा फुगवून नीट बसवणं. ते तंत्रज्ञाचं काम. स्क्रू अजून आवळून भागत असेल तरी आवळू नका, पितळी पट्टी चिरते आणि मग खर्च कितीतरी वाढतो.

जी शार्पचा स्क्रू: इथे थोडं थांबा

ही एवढीशी रचना समजून घेतली तर निम्मे फेरे वाचतात.

जी शार्पचं पॅड दोन स्प्रिंगांच्या मध्ये असतं. वाटीची स्वतःची स्प्रिंग अशक्त असते आणि ती वाटी उघडायला बघते. तिच्यावर लिव्हरची ताकदवान स्प्रिंग बसलेली असते, ती वाटी दाबून ठेवते. डाव्या करंगळीने लिव्हर दाबली की मोठी स्प्रिंग बाजूला होते आणि वाटी अशक्त स्प्रिंगवर उघडते. जी शार्प चिकटतो तो याचमुळे. मळक्या पॅडला उचलायची ताकद त्या स्प्रिंगमध्ये नसते.

आता महत्त्वाचं. आजच्या हॉर्नांवर डाव्या करंगळीचं टेबल, म्हणजे तिच्या कळांचा गट, असं जोडलेलं असतं की लो सी शार्प, बी किंवा बी फ्लॅट दाबला की जी शार्पची लिव्हरही दबते. म्हणजे जी शार्पची वाटी नेमकी सर्वात नाजूक सुरांच्या वेळी उघडायला मोकळी होते. तिला कोण थोपवतं? उजव्या हाताच्या रांगेतून येणारा एक छोटा आडवा हात, ज्याच्या टोकाला समायोजनाचा स्क्रू असतो. उजव्या हाताची एफ, ई, डी यांपैकी कुठलीही कळ दाबली की हा हात खाली येतो आणि वाटी दाबून धरतो.

या स्क्रूखाली किंवा वाटीवर कॉर्कचा वा फेल्टचा छोटा तुकडा असतो. तो दबत जातो. दबला की हात वाटीपर्यंत नीट पोहोचत नाही, आणि लो बी दाबताच जी शार्प केसभर उघडतो. दुरुस्ती करून आणलेला हॉर्न काही महिन्यांनी परत का बिघडतो याचं उत्तर बरेचदा या तुकड्यात असतं.

परीक्षा: लो डी वाजवा, सूर स्थिर करा, मग डाव्या करंगळीने जी शार्पची कळ दाबा आणि सोडा, दाबा आणि सोडा. सुरात काहीही फरक पडायला नको. आवाज फाटला, थरथरला किंवा वर उडाला तर गुन्हेगार सापडला. न वाजवताही दिसतं: उजव्या हाताची एफ ची कळ हलकेच दाबून डावी करंगळी हलवा आणि जी शार्पच्या वाटीकडे डोळे लावून बसा. ती हलताना दिसते.

इलाज हॉर्नच्या योग्य मापाच्या छोट्या स्क्रूड्रायव्हरने होतो. स्क्रू थोडासा आत फिरवा, पाव फेऱ्याहूनही कमी, आणि पुन्हा लो डीची परीक्षा करा. घाईने जास्त आवळला तर नवीन आजार होतो: आता तो हात जी शार्पवर आधी टेकतो आणि उजव्या रांगेतलं एफ शार्पचं छोटं पॅड पूर्ण बंद होऊ देत नाही. मग एफ पासून खाली सगळंच बिघडतं, आणि माणूस शपथेवर सांगतो की जी शार्पचा स्क्रू नीट करून पाहिला. म्हणून दोन्हीकडे तपासा. सिगारेटच्या पातळ कागदाची डिंक नसलेली अरुंद पट्टी कापा, एकदा एफ शार्पच्या पॅडखाली ठेवून एफ ची कळ हलकी दाबा, ओढा. मग तेच जी शार्पच्या पॅडखाली, लिव्हर दाबलेली ठेवून. दोन्हीकडे कागद सारखाच अडकला पाहिजे.

याच आडव्या हाताला बहुतेक हॉर्नांवर दुसरा स्क्रूही असतो, डाव्या हाताच्या बिस या बी फ्लॅटच्या कळेच्या छोट्या वाटीवरचा. त्याची परीक्षा: डाव्या हाताचं पहिलं बोट आणि उजव्या हाताचं एफ, एवढंच धरून वाजवा. स्वच्छ बी फ्लॅट यायला हवा. कापरा किंवा कोंदट आला तर हा स्क्रू बघा. नियम तोच: थोडं फिरवा, तपासा.

स्क्रू बोटाने फिरेल इतका सैल असेल तर तो वाजवता वाजवता पुन्हा फिरणार. तंत्रज्ञाकडून तो घट्ट बसवून घ्या.

चिकटणारी पॅडं

लवकर सांगतो. सिगारेटचा कागद पॅडखाली ठेवून कळ हलकी दाबा, सोडा, कागद काढा. दाबलेल्या पॅडखालून कागद ओढू नका, चामड्याचा वरचा थर सोलतो. मळ जास्त असेल तर कागदाच्या पट्टीला लायटरचं नॅप्था लावून तेच करा, आगीपासून लांब. चलनी नोट वापरणारे सगळीकडे आहेत. नोट म्हणजे असंख्य हातांचा मळ, तोच मळ आपण पॅडवर नेतो. पावडर लावलेला कागद एक दिवस काम करतो आणि मग लगदा होतो.

प्रकाश आणि कागद

आता लीक लाइट. एलईडीची बारीक माळ बॉडीत सोडा, खोली अंधारी करा, वरून खाली एकेक पॅड हलकेच बंद करत भोकाच्या कडेने प्रकाश दिसतो का पाहा. हात हलका ठेवणं इथे सर्वात महत्त्वाचं. घट्ट दाबून पाहिलं तर कुठलंही पॅड बंद दिसतं.

प्रकाश दिसला की कागदाने खात्री करा: पट्टी पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, चार ठिकाणी. चारही बाजूंना सारखी ओढ हवी. मागच्या बाजूला घट्ट आणि पुढे सैल असेल तर पॅड मागे आधी टेकतंय, वाटी किंवा पॅड सरळ करावं लागेल. हे घरचं काम नाही, त्यावर पुढे येतो.

कुणी हाताशी असेल तर याहून सोपी पद्धत आहे. तुम्ही लो बी फ्लॅट धरून वाजवत राहा आणि दुसऱ्याला वरपासून एकेक बंद राहणारी वाटी बोटाने दाबायला सांगा: तळहाताच्या कळा डी, ई फ्लॅट, एफ, मग बाजूच्या कळा, मग जी शार्प, मग लो सी शार्प, शेवटी लो ई फ्लॅट. ज्या वाटीवर बोट टेकताच सूर स्वच्छ होतो, तीच गळते. एकटे असाल तर रबर बँडने एकेक वाटी दाबून बघता येतं. पण रबर चांदीवर ठेवून विसरू नका, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

या यादीत दोन जागा लक्षात ठेवा. तळहाताच्या कळा आणि लो ई फ्लॅट इथलं चामडं सर्वात आधी कडक होतं, कारण पाण्याचा रस्ता त्यांच्यावरून जातो. आणि लो सी शार्प: लो बी जोरात दाबला की टेबलाच्या जोडणीतून धक्का बसून सी शार्पची वाटी उसळते. तिची स्प्रिंग थकलेली असेल तर ती नीट बंद होत नाही. लो बी गुरगुरतो पण लो सी सुंदर लागतो, अशी तक्रार असेल तर मी लगेच या दोघांकडे वळतो, जी शार्प आणि सी शार्प.

"पण हा तर एवढा महाग हॉर्न आहे"

हे वाक्य हमखास येतं. महाग टेनरमध्ये पैसे जातात ते हाताने घडवलेल्या बेलमध्ये, पितळ किंवा कांस्याच्या प्रतीत, रॉड आणि खांबांच्या अचूक बसणीत, काही हॉर्नांवर मोठ्या वाट्यांना दिलेल्या दुहेरी हातांत. त्यामुळे तो नीट केल्यावर जास्त काळ नीट राहतो, आणि नीट असताना सबटोनपासून पूर्ण जोरापर्यंत एकाच रंगात बोलतो. पण पॅडमध्ये तेच फेल्ट आणि चामडं, कळांखाली तेच कॉर्क, पॅड वाटीत धरायला तीच लाख. हे सगळं दबतं, सुकतं, फुगतं. दूरवरून आलेल्या नव्याकोऱ्या हॉर्नलाही गळती असते, वाटेतले धक्के कुणाची किंमत बघत नाहीत.

उलट चांगल्या हॉर्नवर बिघाड जास्त बोचतो. ज्याला हळू आवाजात बोलण्याची सवय आहे, त्याची तोतरी जीभ लगेच कळते.

धातूवरचा चकचकीत लेप, म्हणजे लॅकर, काढल्याने, चांदीचा नेक लावल्याने किंवा जड स्क्रू बसवल्याने आवाजाचा रंग बदलतो की नाही यावर वादक रात्रभर भांडू शकतात. गुरगुर मात्र यातल्या कशानेही जात नाही. कायलवर्थच्या काही हॉर्नांवर भोकांच्या कडा वळवलेल्या असतात. तिथे एखादी कड सपाट नसेल तर ती साध्या कडेसारखी कानशीने घासून समतल करता येत नाही, म्हणून अशा हॉर्नचं काम अनुभवी माणसाकडेच द्या.

सगळं बंद, तरी गुरगुर

असं होतं, आणि तेव्हा माउथपीसकडे वळा. १९५४ पासून आलेला सेल्मरचा मार्क सिक्स किंवा त्याच्याही आधीचे हॉर्न, आणि आत अगदी लहान पोकळी व उंच पायरी असलेला आधुनिक माउथपीस, या जोडीत लो बी अनेकदा डळमळतो. माउथपीस कॉर्कवर फार बाहेर असेल तरी तेच. मोठ्या पोकळीचा माउथपीस मागून घेऊन वाजवून बघा, एक मिनिटाचं काम आहे.

जुने वादक बेलमध्ये एखादं बुचाचं कॉर्क टाकतात. ते बोमध्ये जाऊन बसतं, तिथली जागा थोडी कमी होते आणि डळमळणारा सूर कधी कधी जागेवर येतो. निदान म्हणून हे उत्तम आहे. कॉर्कने फरक पडला आणि लाइटमध्ये गळती नसेल, तर दोष पॅडांचा नाही, माउथपीस आणि नळीच्या मापांच्या जुळणीचा आहे. मैफिलीपुरतं ठेवलं तरी हरकत नाही. पण गळती असताना कॉर्क टाकून दिवस ढकलले तर बोटं आवळायची सवय पक्की होते, आणि ती सुटायला हॉर्न दुरुस्त करण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

इथे थांबा

खालीलपैकी काही दिसलं तर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा.

नेकच्या वळणाखाली सुरकुत्या किंवा नळी गोल न राहता चपटी झालेली. नेक खाली खेचला गेलाय, तो आतून आकार देऊनच सरळ होतो. लो बी आणि लो बी फ्लॅट दोन्ही पॅडं एकाच बाजूने गळतात. बेलला धक्का बसून ती सरकली आहे, पॅडं बदलून उपयोग नाही. बेल आणि बॉडी यांना जोडणाऱ्या कड्याचा स्क्रू सैल असेल तर मात्र तेवढा आवळून बघायला हरकत नाही. बो आणि बॉडी यांच्या सांध्यातून गळती. एखादी वाटी वाकडी, रॉड फिरताना अडकतो, स्प्रिंग तुटली. पॅड कडेने फाटलं किंवा दगडासारखं कडक झालं.

लायटर पेटवून लाख मऊ करत पॅड सरकवायच्या चित्रफिती बघितल्या असतील. वाटीचं लॅकर जळतं, शेजारच्या कळेचं कॉर्क सुटतं, आणि एक गळती होती तिथे तीन होतात. रात्रभर पॅडांवर क्लॅम्प लावून ठेवण्याचाही सल्ला मिळेल. वाकड्या वाटीवर दाबून ठेवलेलं पॅड वाकडंच बसतं.

तंत्रज्ञाकडे जाताना तुमचा माउथपीस आणि तुमच्या रीडा घेऊन जा, त्याच्या दुकानातल्यांवर परीक्षा नको. कुठल्या सुरापासून बिघडतं, हळू की जोरात, सुरुवातीला की अर्ध्या तासाने, जी शार्पच्या परीक्षेत काय झालं, हे कागदावर लिहून द्या. "खालचे सूर लागत नाहीत" एवढंच सांगितलं तर तो शोधण्यात तास घालवेल आणि त्या तासाचं बिल तुम्हाला येईल. हॉर्न ताब्यात घेण्याआधी तिथेच, तुमच्या नेहमीच्या बसण्याच्या पद्धतीने, हळू आवाजात लो बी फ्लॅटपासून सूर सुरू करून पाहा. जोरात वाजवून खूश होऊन निघू नका. नवी पॅडं बसवली असतील तर काही आठवडे रोज वाजवा आणि मग पुन्हा एकदा समायोजनासाठी न्या. फेल्ट बसल्यावर जी शार्पचा आणि बिसचा स्क्रू हमखास थोडा हलवावा लागतो, चांगला तंत्रज्ञ ही दुसरी भेट आधीच ठरवून देतो.